स्त्रियांचीं दुखणीं व आमची न्यायबुद्धि

घरच्या कर्त्या पुरुषाच्या पोटांत कळ आली म्हणजे त्याच दिवशीं डॉक्टर गांठला जातो. घरच्या बाईचें ओटीपोट वर्षभर दुखत असलें तरी 'बायकांचें असें चालावयाचेंच' एवढें बोलून विषय संपतो. हा अडाणीपणाचा दोष म्हणून सोडून द्यावा, तर शास्त्रीय वैद्यकाचें वर्तनहि पुष्कळ काळ याहून फारसें निराळें नव्हतें. स्त्रियांच्या अनेक दुखण्यांस युरोपांतील वैद्यांनीं 'हिस्टेरिया' हें एकच नांव दिलें. आणि तें नांव ग्रीक भाषेंतील गर्भाशयवाचक शब्दापासून निघालेलें! अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या अधिकृत सूचींतून तें १९८० सालीं गेलें. समजूत मात्र गेली नाहीं. त्याच देशांतील औषधनियामक खात्यानें १९७७ सालीं मूल होण्याच्या वयांतील स्त्रियांस नव्या औषधांच्या आरंभींच्या चाचण्यांतून वगळण्याचा दंडक घातला, तो १९९३ सालीं उठला. हेतु गर्भाच्या रक्षणाचा होता, हें खरें. परंतु औषध घ्यावयाचें स्त्रियांनीं आणि पारखावयाचें पुरुषांच्या देहावर, हा त्याचा परिणाम झाला.

एंडोमेट्रिऑसिस नांवाचा एक विकार आहे. त्यांत गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात व असह्य कळा येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांत शेंकडा सुमारें १० जणींस तो असतो. तरी त्याचें निदान होण्यास पुष्कळदां कित्येक वर्षें लागतात. तोंवर सासर, माहेर व दवाखाना या तिन्ही ठिकाणीं 'सोसावें' हेंच औषध!

आतां स्वतःच्या प्रांताकडे पाहूं. बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची पाहणी २०१९ सालीं झाली. ८२ हजारांवर स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. म्हणजे शेंकडा सोळांहून अधिक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणींत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हेंच प्रमाण देशभर शेंकडा तीनच्या आसपास होतें. तोडणीच्या कामांत नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाची उचल अंगावर असते. खाडा पडला कीं दंड बसतो. फडावर शौचाची सोय नाहीं, विसावा नाहीं. अंगावरून पाणी जातें, ओटीपोट दुखतें, अशी तक्रार घेऊन बाई गेली, तर कर्करोगाची भीति घालून पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला, असें कित्येकींनीं सांगितलें. तरुण वयांत ही शस्त्रक्रिया झाली व बीजकोशहि काढले गेले, तर हाडें ठिसूळ होतात व हृदयविकाराचा धोका वाढतो.

कोणी म्हणेल, येथें तर बाईचें दुखणें खरें मानलें गेलें, मग अन्याय तो कोणता? आमचें उत्तर असें कीं, तक्रार खोटी ठरवून तिला परत पाठविणें आणि अवयव निरुपयोगी ठरवून तो कापणें, हीं एकाच अनास्थेचीं दोन रूपें आहेत. दोन्हीकडे दुखण्याच्या कारणाचा शोध झालेला नसतो. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीं केंद्र सरकारनें केलेले नियम सर्व राज्यांनीं तीन महिन्यांत स्वीकारावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२३ मध्यें दिला. तो योग्यच होता. परंतु न्यायालयाचा हुकूम माजघरापर्यंत आपोआप पोंचत नाहीं.

आमचे बहुतेक वाचक व्यापारी व गृहस्थ आहेत. वहींत एका रुपयाचा फरक पडला तर रात्र जागून ते तो शोधतात. जमेस लिहून टाका म्हणून स्वस्थ बसत नाहींत. तीच चिकाटी त्यांनीं घरच्या स्त्रियांच्या दुखण्याविषयीं दाखवावी, एवढेंच आमचें मागणें आहे. डॉक्टरापुढें बाईला स्वतःच्या तोंडानें बोलूं द्यावें. नवऱ्यानें किंवा सासूनें तिची वकिली करूं नये. शस्त्रक्रिया सुचविली तर कारण लेखी मागावें व दुसऱ्या डॉक्टरचें मत घ्यावें. साखरेच्या व्यवहारांत ज्यांचा हात आहे, त्यांनीं आजारी मजुरिणीचा खाडा माफ व्हावा व फडावर दवाखान्याची सोय व्हावी, यासाठीं कारखानदारांकडे आग्रह धरावा. यास खर्च येईल, हें आम्हांस कबूल आहे. आजवर तो खर्च वांचला, कारण तो त्या स्त्रियांनीं आपल्या देहानें भरला.