धार पाहता, खटका कोण पाहणार?

घडीचा चाकू घेताना आपण पात्यावर अंगठा फिरवून धार पाहतो, मूठ तोलतो, भाव करतो. खटका मात्र कोणी पाहत नाही. उघडलेले पाते जागेवर धरून ठेवतो तो खटका. तो निसटला की पाते मुठीकडे मिटते आणि मध्ये आपलीच चार बोटे असतात.

उर्दूत ‘मजबूती’ आणि ‘पायदारी’ हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत मजबुती आणि टिकाऊपणा. खटका एका वेळी किती जोर सोसेल, ही मजबुती. हजारो वेळा उघडमीट केल्यावरही तो तसाच घट्ट बसेल का, हा टिकाऊपणा. जाहिराती पहिल्याचीच फुशारकी मारतात. रोज चाकू वापरणाऱ्याला गरज असते ती दुसऱ्याची.

प्रत्येक खटक्याचा कमजोर भाग वेगळा असतो. लायनर लॉकमध्ये मुठीतली पातळ पट्टी आडवी सरकून पात्याच्या बुडाला टेकते. धातू झिजला की पट्टी हळूहळू पलीकडच्या बाजूला सरकत जाते. 1964 च्या अमेरिकन बक 110 चाकूने लोकप्रिय केलेल्या बॅक लॉकमध्ये मुठीच्या पाठीवरचा दांडा पात्याच्या खाचेत बसतो. खाचेत कचरा साचला तर तो पूर्ण बसत नाही. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला 1955 मध्ये फिरणारे कडे आले. रचना साधी, पण कडे हाताने फिरवले नाही तर खटका लागतच नाही. आणि कित्येक खिशातल्या चाकूंना खटका नसतोच. पाते फक्त स्प्रिंगच्या दाबाने उघडे राहते.

या गोष्टी आपल्याकडे बोलल्या का जात नाहीत? मला वाटते, हिंदी सिनेमाने रामपुरी चाकू गुंडाच्या हाती दिला आणि खटक्याचा आवाज म्हणजे दहशत, असे आपल्या मनात बसले. त्यात चाकू मुसलमानाच्या हातात असेल तर बघायलाच नको. कारागिराचा हुनर बदनाम झाला आणि फळे कापणारा, दोर कापणारा, वायरी सोलणारा माणूस आपल्या अवजाराबद्दल मोकळेपणाने विचारीनासा झाला.

बकरी ईदला काही घरांत कातडे सोलायलाही घडीचा चाकू काढतात. माझे स्पष्ट मत आहे, ते करू नये. चरबी आणि रक्त सांध्यात शिरते, मूठ निसरडी होते, मनगट पिळले जाते. त्या कामाला अखंड पात्याची सुरीच हवी. जिथे सांधाच नाही, तिथे मिटण्याची भीतीही नाही.

घडीचा चाकू वापरायचाच असेल, तर उघडल्यावर खटका पूर्ण बसला का ते पाहा. बोटे पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पाते हलके हलवा, खुळखुळत असेल तर तो चाकू बाजूला ठेवा. सांधा स्वच्छ करून तेलाचा एक थेंब द्या. त्याने डबे उचकटू नका आणि ताकद अजमावण्यासाठी पात्याची पाठ टेबलावर आपटू नका. त्या आपटण्याने खटकाच खराब होऊ शकतो.

खटका ही शेवटची एहतियात आहे, पहिली नव्हे. पहिली आपल्या हाताच्या सवयीत असते. ती सवय मुलांच्या हाती चाकू देण्याआधी त्यांना लावणे, हे आपल्या मोठ्यांचे काम आहे.