जागा भरल्या आहेत

विद्यापीठात प्रवेश मिळणं कठीण, असं जो तो म्हणतो. अगदी खरं आहे. फक्त म्हणणाऱ्याच्या मनात गुणपत्रिका असते आणि माझ्या मनात फाटक. प्रवेशाच्या याद्या तरी तीन-तीन लागतात. पहिलीत नाही तर तिसरीत माणूस बसतो. फाटकावरच्या सुरक्षारक्षकाची यादी एकच, आणि तीत तुमचं-आमचं नाव नसतं. "स्टिकर?" एवढंच तो विचारतो. काचेवर स्टिकर असलेली मोटार सुळकन आत जाते. बाकीच्यांनी वहीत नाव, गाव, काम आणि वेळ लिहायची. ती वही पुढं कोण वाचतं, हा एखाद्या पीएच.डी.चा विषय होईल.

विद्यापीठाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं, तर बाकीच्यांना आपण सुटलो असं वाटेल.

माझं म्हणणं एवढंच, की विद्यापीठातली जागेची टंचाई ही जागेची नाहीच, ती मानाची आहे. तिथं रिकाम्या जागा दोन प्रकारच्या असतात. एक प्राध्यापकांच्या, त्या वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. दुसऱ्या 'फक्त विभागप्रमुख', 'फक्त अधिष्ठाता' अशा पाट्यांखालच्या. त्या भरू देत नाहीत. विभागप्रमुख परदेशी परिषदेला गेलेले असले, तरी पिंपळाखालची ती जागा त्यांची वाट बघत असते. उलट, विद्यार्थ्यांच्या स्कूटरी पत्र्याच्या शेडमध्ये एकमेकींच्या आरशात हँडल अडकवून उभ्या. तळाशी सापडलेली स्कूटर काढायची, तर आधी दहा जणांच्या हलवाव्या लागतात.

हे आलं कुठून? पुण्याचं उदाहरण घ्या. तिथलं विद्यापीठ ४११ एकरांवर पसरलेलं आहे. ज्या मुख्य इमारतीचे फोटो सगळीकडे छापतात, ती मुळात मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरची कोठी. गव्हर्नरसाहेब बग्गीतून उतरायचे ते थेट पोर्चमध्ये. पायी येणारा माणूस दारापर्यंत पोचेस्तोवर दमून नम्र व्हावा, अशा बेतानंच या कोठ्या बांधलेल्या असतात, असा माझा संशय आहे. पुढं साहेब गेले, १९४९ साली विद्यापीठ आलं, आणि राज्यभर मग माळरानं घेऊन नवी-नवी विद्यापीठं उभी राहिली. बग्गी गेली, पोर्च मात्र प्रत्येकानं आठवणीनं बांधला.

परदेशातही हा आजार आहे. क्लार्क कर हे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष. १९६३ साली हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी, गाडी लावण्याबद्दलची तक्रार हाच विद्यापीठातल्या प्राध्यापकांना एकत्र बांधणारा धागा, अशा अर्थाचं काहीतरी म्हणून ठेवलं आहे. त्यांच्याच बर्कलीत नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्याला गाडी लावायची राखीव जागा देतात. तिथं निदान त्यासाठी अणू-रेणू काहीतरी शोधावं लागतं. आपल्याकडं सेवाज्येष्ठतेवर भागतं.

आता हिशेब मांडू. एका मोटारीला २.५ मीटर बाय ५ मीटर जागा लागते, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. वळवायला, मागं घ्यायला लागते ती निराळीच. तेवढ्यात सहा स्कूटरी मावतात. वसतिगृहात साधारण एवढ्याच खोलीत दोन मुलं राहतात, आणि कॉटखाली गादी सरकवलेला तिसरा 'पॅरासाइट'. मोटार मात्र एकटी राहते. भाडं नाही, मेस नाही, रेक्टरची भीती नाही. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच शंभर टक्के हजेरी. हजेरीवर पदवी देत असते, तर आज कितीतरी मोटारी डॉक्टर झाल्या असत्या.

यावर शहाणी माणसं म्हणतात, "बहुमजली वाहनतळ बांधा." बांधा ना! डोनाल्ड शूप नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं २००५ साली फुकट पार्किंगवर सातशेच्या वर पानांचा ग्रंथ लिहिला. त्याचं सार असं, की फुकट जागा फुकट नसतेच. तिचे पैसे पायी येणाराही भरतो. म्हणजे बसनं येणाऱ्या पोराच्या फीमधून साहेबांच्या मोटारीला दुसरा मजला. जुन्या वाड्यात भाडेकरू पन्हाळीखाली झोपायचा आणि मालकाची म्हैस पडवीत, त्यातलाच हा प्रकार.

गेल्या जूनमध्ये भाचीच्या मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी मी तिथं रांगेत होतो. माझ्यामागं एक गृहस्थ. मुलीच्या पदवीच्या कागदांसाठी बीडकडून रात्रभर एसटीनं आलेले. शहरबसनं त्यांना फाटकावर सोडलं. विभाग तिथून दीड किलोमीटर आत. दिशादर्शक पाटी आहे, नाही असं नाही. तिच्यापुढं एक मोटार उभी होती. ते आधी क्रीडांगणाकडं गेले, मग वनस्पती उद्यानाकडं, आणि विभागाच्या खिडकीशी पोचले तेव्हा एकाला पाच मिनिटं कमी होती. आमच्या पुढं चार माणसं. एक वाजता खिडकी बंद. साहेब जेवायला निघाले. पोर्चमधून मोटारीत बसले आणि समोर दिसणाऱ्या क्वार्टर्सपर्यंत गेले. मोटार सुरू करून वळवायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी चालत जाऊन परत आलो असतो.

गृहस्थ पायरीवर बसले. रागावलेले नव्हते, हेच मला बघवेना. म्हणाले, "साहेब, गावाकडून हितं यायला तरास न्हाई झाला. फाटकापासून हितं यायला झाला."

माझी मागणी मोठी नाही. दारासमोरच्या सावलीतल्या जागा सायकलींना द्या आणि ज्यांना चालवत नाही त्यांना द्या. फाटकापासून विभागांपर्यंत दर दहा मिनिटांनी एक लहान बस सोडा. पवईच्या आय.आय.टी.त 'टमटम' नावानं अशी गाडी फिरते; तिच्यामुळं तंत्रज्ञान मागं पडल्याचं ऐकलेलं नाही. आणि ती बस सुरू होईपर्यंत कुलगुरूंपासून खाली सगळ्या साहेबांच्या मोटारी फाटकावर ठेवा. फक्त एक महिना. महिना तरी कशाला, तिसऱ्या दिवशी बसची निविदा निघेल!

"अहो, पण साहेबांच्या वेळेला काही किंमत आहे की नाही?" आहे. बीडच्या माणसाच्या बुडालेल्या रोजालाही आहे, आणि त्याला रात्रीची एसटी गाठायची असते.

"आणि पावसाळ्यात साहेबांनी काय भिजत जायचं?"

फाटकाबाहेर छत्रीवाला बसतो. घासाघीस केली तर कमी करतो.