चेहरा नसलेलं पोर्ट्रेट

पोर्ट्रेट म्हटलं की आपण आधी चेहरा शोधतो. पिठावालांनी रंगवलेली बड्या पारशी घरांतली माणसं आठवा. कोणाचं चित्र आणि कोणी काढलं, दोन्ही ठाऊक! डहाणू-तलासरीकडच्या वारल्यांनी मात्र अख्ख्या समाजाचं चित्र काढलं आणि एकालाही नाक-डोळे दिले नाहीत. दोन त्रिकोण, वर एक गोल, झाला माणूस.

लग्नघरात भिंत सारवून तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. हो, 'लिहितात'च म्हणतात. मधोमध पालघट देवी. हे काम सवाशिणींचं, त्याशिवाय लग्न लागत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी सत्तरच्या दशकात ही कला कागदावर आणली. पुरुषाने चित्रं काढायची हेच तेव्हा नवल होतं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, योग्यच झालं.

पण शहराने कौतुक केलं ते कसं? कुर्त्यावर, उशीच्या अभ्र्यावर, सोसायटीच्या कंपाउंडवर. तारपावाला आणि त्याच्याभोवतीचा नाच सगळीकडे. पालघट क्वचितच, तिला लग्नघर लागतं ना! २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी छापील माल येतोच आहे. 'किती साधं, किती गोड' म्हणत आपण घेतो. मला हे कौतुक खटकतं. चित्रातल्या माणसाला चेहरा नसणं ही त्यांची रीत. काढणारीला नाव नसणं ही आपली सोय.

मी हल्ली दुकानात विचारते, "हे कोणी काढलंय?" उत्तर बहुतेकदा एकच, "मशीन प्रिंट आहे मॅडम, रंग जाणार नाही." तेही अभिमानाने...