ब्रेक ऑइललाही मर्यादा असते



पिठाची मर्यादा आपल्याला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. थंडीत ७ दिवस, उन्हाळ्यात ५, पावसाळ्यात ३. हवेतली ओल पिठात शिरते म्हणून पावसाळ्यात दिवस कमी, हेही आपण सुनेला, लेकीला समजावून सांगतो. पण दारात उभ्या असलेल्या स्कूटरच्या ब्रेकमधले ऑइल किती वर्षांचे आहे, हे विचारून पाहा. बहुतेक घरांत बायका पुरुषांकडे बघतात आणि पुरुष गॅरेजवाल्याचे नाव सांगतात. माझे म्हणणे एवढेच, की जिच्या घरी पिठाची तारीख बघितली जाते तिने ही तारीखही बघावी. दोन्हीकडे बिघाड करणारी वस्तू एकच आहे.

जुन्या चेतकला हा प्रश्न नव्हता. दोन्ही चाकांना ड्रम, मध्ये केबल, तेलाचा संबंध नाही. आता मात्र सासऱ्यांची चेतक किंवा एलएमएल रंगवून घेऊन तिला पुढे डिस्क बसवायची हौस बरीच दिसते. व्हेस्पा पीएक्सला तर कंपनीनेच १९९८ मध्ये पुढे हायड्रॉलिक डिस्क दिली होती. आपल्या रोजच्या नव्या स्कूटरला डिस्क असेल तर तिलाही हेच लागू.

लिव्हर दाबला की हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमधून ऑइल नळीत ढकलले जाते आणि चाकाजवळच्या कॅलिपरमधला पिस्टन ब्रेक पॅड डिस्कवर दाबतो. ऑइल दाबले तरी आकसत नाही, म्हणून हाताचा जोर चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र आकसते. नळीत बुडबुडा असेल तर तुमचा जोर बुडबुडा दाबण्यात जातो, लिव्हर मऊ लागतो, कधी मुठीला टेकतो. आणि ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ४ प्रकारचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले, की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. घाट उतरताना ब्रेक सतत धरून ठेवला आणि जुने ऑइल तापून उकळले, तर वाफ होते आणि ब्रेक ऐन उतारावर हातातून जातो. म्हणून साधारण २ वर्षांनी ऑइल बदलायचे, गाडी कमी फिरली असली तरी. उभ्या गाडीतही ओल मुरतेच.

यावर एक आक्षेप मला माहीत आहे. महाराज पायी विहार करतात, चार हात जमीन बघून पाऊल टाकतात. ईर्यासमितीची गोष्ट स्कूटरवर बसून काय करायची? खरे आहे, समिती मुनींच्या. वाहन चालवणे ही आपली आरंभी हिंसा आहे आणि जवळचे मंदिर असेल तर चालतच जावे. पण तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या सुरूच होते ती प्रमादापासून. लिव्हर मऊ लागतोय हे हाताला कळूनही चातुर्मासात ओल्या रस्त्यावर गाडी काढणे, समोर कुत्र्याचे पिल्लू आले तर बघू म्हणणे, याला प्रमादाशिवाय दुसरा शब्द मला सापडत नाही.

काम अवघड नाही, पण पहिल्यांदा मेकॅनिकजवळ उभे राहून बघा, मग त्याच्या समोर स्वतः करा. सीलबंद डॉट ४ ची लहानात लहान बाटली आणा. उघडलेली बाटली ओल धरते, उरलेली पुढच्या वर्षाला ठेवू नये. कॅलिपरच्या निप्पलला बसेल असा रिंग पाना, पारदर्शक नळी, एक रिकामी बाटली आणि जुनी फडकी घ्या. पाऊस चालू असताना हे काम काढू नका. हँडल असे वळवा की ऑइलची टाकी समतल राहील. रंगावर फडके झाका, हे ऑइल रंग खाते. सांडलेच तर लगेच पाण्याने धुवा, मात्र टाकीत थेंब जाऊ देऊ नका. डोळ्यांना जपा.

पाना निप्पलवर, त्यावर नळी, नळीचे टोक बाटलीतल्या थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडवलेले. लिव्हर हळू दाबून धरा, निप्पल पाव ते अर्धा फेरा सैल करा, ऑइल बाहेर येईल. निप्पल बंद करा आणि मगच लिव्हर सोडा. हा क्रम उलटला तर हवा परत आत जाते. दर चार-पाच वेळा टाकी बघा, ती रिकामी झाली तर सगळे पहिल्यापासून. चहासारखे ऑइल जाऊन नवे, फिकट ऑइल आले आणि बुडबुडे थांबले, की निप्पल घट्ट करा, पण पिळू नका.

मागाहून डिस्क बसवलेल्या स्कूटरवर एक गोम असते. कॅलिपर कधी असा बसतो की निप्पल खाली येतो. हवा वरच जाणार, मग कितीही ऑइल काढा, लिव्हर मऊच. अशा वेळी कॅलिपर सोडवून पॅडच्या मध्ये लाकडाची चपटी पट्टी धरायची आणि निप्पल वर करून हवा काढायची. गॅरेजमध्ये हे करत नाहीत, कारण वेळ जातो. तुम्ही विचारा. बाईने विचारले की मेकॅनिक आधी हसतो, मग करतो.

काढलेले ऑइल मोरीत, गटारात किंवा झाडाच्या बुडाशी ओतायचे नाही. उत्सर्ग समितीची आठवण इथे खरी व्हायला हवी. बाटलीला घट्ट झाकण लावा, वर नाव लिहा, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा आणि जळके इंजिन ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात वेगळी म्हणून द्या. गाडी काढण्याआधी जागेवरच लिव्हर दहा-बारा वेळा दाबा. तो घट्ट लागला पाहिजे आणि धरून ठेवला तर खाली सरकता कामा नये. मग रिकाम्या गल्लीत, अगदी हळू वेगात दोन-तीन वेळा ब्रेक लावून बघा.