इंग्रजी शिकविणाऱ्यांची शाळा

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

आमची सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. प्राथमिक शिक्षकांना इंग्रजी कसे शिकवावे हे सांगणारा वर्ग तालुक्याच्या गावी सुरू झाला, तेव्हा तिला पोहोचविण्यास आम्ही गेलो आणि मागच्या बाकावर बसून राहिलो. त्या पहिल्या दिवशी जे पाहिले, ते तुमच्या कानावर घालणे आमचे कर्तव्य आहे. कारण त्या वर्गात कोण काय शिकतो, यावर तुमच्या पोरांचे भवितव्य टांगलेले आहे.

दहाला सुरू व्हावयाचा वर्ग साडेअकराला सुरू झाला. दीड तास हारतुरे, नारळ आणि भाषणे यांत गेला. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची जुनी चाल आहे. तीही एका वक्त्याने पाळली. आमच्या मनात आले, बाबा रे, दूध वाघिणीचे असेल, पण आजवर वाटी कोणाच्या हातात होती? आमच्या पोरांनी वाघिणीची डरकाळीच तेवढी ऐकली.

असो. पाहुणे गेले आणि खरे काम सुरू झाले. शिकविणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला उभे राहून स्वतःविषयी इंग्रजीत चार वाक्ये बोलावयास सांगितले. चाळीस शिक्षकांच्या माना एकदम खाली गेल्या. ग्रामसभेत ज्यांचा आवाज वेशीपर्यंत जातो, असे एक गुरुजी दोन शब्द बोलून घामाघूम झाले. कोणीतरी हसले. तेव्हा बाईंनी मराठीत सांगितले की, आता तुमच्या पोटात जो गोळा आला, तोच तुमच्या वर्गातल्या लेकराच्या पोटात रोज येतो. एवढे कळले तरी आजचा दिवस फुकट गेला नाही. दीड तासाच्या भाषणांत नव्हते ते त्या एका बोलण्यात होते.

ही भीती त्या शिक्षकांचा दोष नव्हे. आमच्या सुनेने स्वतः ए-बी-सी-डी पाचवीत पाहिली. शब्द पाठ करावे, अर्थ पाठ करावे, परीक्षेत उतरून द्यावे, याला तिच्या वेळी इंग्रजी म्हणत. 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना सरकारने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. ते योग्यच झाले. पण पेरणीचा हुकूम एका दिवसात निघतो, जमिनीची मशागत तशी होत नाही. ज्याला कधी कोणी बोलावयास शिकविले नाही, त्याने दुसऱ्यास बोलते कसे करावे?

सुनेची पाळी आली. आपले वडील लोहार आहेत, नांगराचे फाळ घडवितात, असे तिने अडखळत सांगितले. पुढे भाता म्हणावयाचे होते, शब्द सापडेना. पाठ्यपुस्तकाने तिला डॉक्टर दिला होता, इंजिनियर दिला होता. बापाचा भाता आणि ऐरण दिली नव्हती. बाईंनी हसू न आणता कोश उघडला आणि शब्द फळ्यावर लिहिला. मग धीर आला. कोणी गवंड्याची थापी विचारली, कोणी कुंभाराचे चाक, कोणी मोट. चार वाजेपर्यंत फळा भरून गेला होता, आणि सकाळी गप्प असलेली माणसे बोलत होती.

आम्हांस त्या वेळी जोतीराव फुले आठवले. 1882 साली हंटर आयोगापुढे त्यांनी मागणे मांडले होते की, प्राथमिक शाळांचे शिक्षक शिक्षण घेऊन तयार झालेले असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, आणि नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरावयास त्यांनी लाजू नये. सावित्रीबाईही शिक्षिका होण्यापूर्वी शिक्षणशास्त्राचा अभ्यास करून आल्या होत्या. शाहू महाराजांनी 1917 साली करवीरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला. भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढे 1935 साली साताऱ्यास शिक्षक तयार करण्याचे विद्यालयही काढले. नुसत्या शाळा उघडून भागत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

आता आमचे म्हणणे ऐका. राज्याच्या ठिकाणी काही जणांना शिकवावे, त्यांनी जिल्ह्यात, जिल्ह्याने तालुक्यात, अशी प्रशिक्षणाची रीत पडली आहे. प्रत्येक पायरीवर ताकात तांब्याभर पाणी पडते, आणि गावच्या शाळेपर्यंत येते ते पाणीच. चार दिवसांचा वर्ग झाला, हजेरीपटावर सह्या झाल्या, आणि वर्षभर कोणी विचारले नाही, तर त्याचा उपयोग काय? शिक्षकांनी दर महिन्यास एकत्र बसून बोलण्याचा सराव केला पाहिजे. दुसरे, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जनगणना, आपत्ती व निवडणुका सोडून शिक्षकांना इतर कामांस जुंपता येत नाही. तो कायदा कागदावर ठेवू नका.

आणि तुम्हांलाही दोन शब्द. शेळी विकून, दागिना गहाण टाकून इंग्रजी पाटीच्या शाळेत पोर घालण्यापूर्वी तेथे शिकविणाऱ्याला इंग्रजी बोलता येते काय, हे पाहा. पाटी इंग्रजी असली म्हणून शिक्षण इंग्रजी होत नाही. लेकराला गणित आणि जग आपल्या भाषेत कळू द्या. त्या पायावर इंग्रजीची भिंत उभी राहते. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांच्या आहेत, आणि समितीत निम्म्या बाया असाव्यात असा कायदा आहे. तेथे गप्प बसू नका. गुरुजी प्रशिक्षणास गेले होते, तर काय शिकून आले आणि वर्गात काय बदलले, हे नम्रपणे पण नेमके विचारा.

परत येताना सून म्हणाली, “मामा, उद्या मुलांना पहिल्यांदा त्यांच्या घरातल्या वस्तूंचीच नावे विचारते. आणि कोणी चुकलं तर हसू द्यायचं नाही.”

ती हे करील, असा आमचा विश्वास आहे. ज्या दिवशी लोहाराच्या पोराला भात्याचे इंग्रजी नाव येईल आणि बापाचा धंदा सांगताना त्याची मान खाली जाणार नाही, त्या दिवशी वाघिणीचे दूध आमच्याही घरी आले असे आम्ही म्हणू.