दारावरचा कॅमेरा आणि समोरच्या घरातलं मूल



आज एका कबुलीने सुरुवात करते. हा लेख मी दुसऱ्या कोणाला शहाणपण शिकवायला लिहीत नाही. चूक माझ्याच हातून झाली, आणि तीही मराठी शिकवणाऱ्या, 'शब्द जपून वापरा' असं वर्गात रोज सांगणाऱ्या बाईच्या हातून.

आमच्या दारावर कॅमेऱ्याची बेल आहे. बसवण्याचं कारण साधं होतं. मी दिवसभर शाळेत, हे ऑफिसात, घरी सासूबाई एकट्या. वय ७८. एकदा भरदुपारी 'गॅसची नळी तपासायला आलोय' म्हणून कोणी तरी आलं आणि त्यांनी भाबडेपणाने दार उघडलं. काही झालं नाही, पण संध्याकाळी हे ऐकून आमच्या पोटात गोळा आला. पुढच्याच आठवड्यात बेल बसली. आता कोणी दाराशी आलं की माझ्या फोनवर सूचना येते, चित्र दिसतं, मी शाळेतून बोलूही शकते. सासूबाई निर्धास्त, आम्हीही निर्धास्त.

मग एका दुपारी मधल्या सुट्टीत फोन वाजला. पाहते तर नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा. बेल वाजवली, क्षणभर थांबला, वर कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि धूम पळाला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी पुन्हा. सासूबाईंची झोपमोड झालेली, माझं डोकं तापलेलं. मी वीस सेकंदांचा तुकडा कापला आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला : 'हा मुलगा कोणाचा? रोज बेल वाजवून पळतो. पालकांनी लक्ष द्यावे.'

अर्ध्या तासात ग्रुप पेटला. 'हल्लीच्या मुलांना वळणच नाही.' 'चोरीआधी अशीच पाहणी करतात म्हणे.' कोणी तरी तो व्हिडिओ बाजूच्या इमारतीच्या ग्रुपवर ढकलला, तिथून तो शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर गेला.

संध्याकाळी मुलाची आई त्याला घेऊन दारात उभी. खाली बॅडमिंटन खेळताना त्यांचं फूल आमच्या गॅलरीत पडलं होतं. मोठ्या मुलांनी सगळ्यात लहान म्हणून याला वर पाठवलं. 'आजी झोपल्या असतील, रागावतील' या भीतीने तो प्रत्येक वेळी पळाला. एवढीच गोष्ट! आई आवाज न चढवता म्हणाली, "बाई, तुम्ही आधी माझ्याकडे आला असतात तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्हिडिओ मी ग्रुपवरून काढून टाकला. पण जिथे जिथे तो पुढे गेला होता तिथून तो मी कसा काढणार? मुलं त्याला 'बेलचोर' म्हणू लागली आणि पुढे कित्येक दिवस तो खाली खेळायला आला नाही.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात घोळतो आहे. कॅमेरा वाईट आहे का? तसं मी म्हणणार नाही. आमची बेल आजही दारावर आहे. पण आपण ती ज्या सहजतेने वापरतो, त्यात नक्कीच काही तरी चुकतंय.

गरज खरीच आहे

दारावरच्या कॅमेऱ्याची कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या नर्सने आपल्या पतीच्या साथीने अशी यंत्रणा तयार केली. दाराला वेगवेगळ्या उंचीवर छिद्रं, त्यांमागे सरकणारा कॅमेरा, आत पडदा, बोलायला मायक्रोफोन. १९६९ साली तिला त्याचं पेटंट मिळालं. तिच्या कामाच्या वेळा अवेळी, घरी एकटं राहण्याची भीती, आणि पोलीस लवकर पोहोचतील याचा भरवसा नाही. म्हणजे या यंत्राचा जन्मच एका बाईच्या खऱ्या भीतीतून झाला. ही गोष्ट मी वर्गात मुद्दाम सांगते, कारण मुलींना ती लगेच समजते.

मात्र तिच्या यंत्रात आणि आपल्या बेलमध्ये एक मोठा फरक आहे. तिचं चित्र तिच्या घरातल्या पडद्यापुरतं होतं. आपल्या बेलचं चित्र बहुतेक वेळा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातं, तिथे साठतं आणि तिथून आपल्या फोनवर येतं. आपण म्हणतो 'माझ्या दाराचा कॅमेरा', पण चित्र फक्त आपल्याकडे नसतं.

ही निव्वळ शंका नाही. अमेरिकेत रिंग या कंपनीच्या बेल खूप खपतात. २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉनने ही कंपनी विकत घेतली. २०२३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर आरोप ठेवले की कर्मचाऱ्यांना आणि कंत्राटदारांना ग्राहकांचे खासगी व्हिडिओ पाहता येत होते, आणि एका कर्मचाऱ्याने तर महिला ग्राहकांच्या घरातल्या कॅमेऱ्यांचे हजारो व्हिडिओ पाहिले. सुरक्षेत ढिलाई असल्यामुळे हॅकर लोकांनाही काही खात्यांत शिरता आलं, असाही आरोप होता. ते प्रकरण ५८ लाख डॉलर भरून मिटवण्यात आलं. घराच्या रक्षणासाठी लावलेल्या डोळ्यातून कोणी तिसराच पाहत असेल, तर त्याला रक्षण म्हणायचं का?

'चाळीत तरी कुठे होती प्रायव्हसी?'

हा प्रश्न मला आमच्याच शिक्षक खोलीत एका ज्येष्ठ सरांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी कित्येकजण चाळीत, वाड्यात वाढले. दारं दिवसभर उघडी. कोण कधी आलं, कोणाकडे पाहुणे उतरले, कोणाच्या मुलाला किती मार्क पडले, सगळं सगळ्यांना माहीत. समोरच्या काकू गॅलरीत तांदूळ निवडत बसायच्या आणि त्यांच्या नजरेतून मुंगीही सुटायची नाही. मग आता एका छोट्या कॅमेऱ्याचं एवढं काय?

मी यावर बराच विचार केला. मला तीन फरक दिसतात.

पहिला, काकू आपल्याला पाहायच्या तसं आपणही काकूंना पाहायचो. नजर दोन्हीकडून होती. कॅमेऱ्यामागे कोण आहे, तो आत्ता पाहतोय की नाही, हे समोरच्याला कळत नाही.

दुसरा, काकू आपल्याला ओळखायच्या. 'हा अमक्याचा धाकटा, जरा भित्रा आहे' हे त्यांना ठाऊक असायचं. त्यांनी त्या मुलाला जिन्यातच धरून विचारलं असतं, "काय रे, काय हवंय?" आणि फूल त्याच्या हातात पडलं असतं. कॅमेऱ्याने मला फक्त पळणारा मुलगा दाखवला. पळण्यामागचं कारण त्याला दिसत नाही.

तिसरा फरक सगळ्यात महत्त्वाचा. काकू विसरायच्या. आठवीतला वात्रटपणा दहावीपर्यंत कोणाच्या लक्षात राहायचा नाही. मुलांना मोठं होण्यासाठी मोठ्यांचं हे विसरणं फार गरजेचं असतं. व्हिडिओ विसरत नाही. तो पुढे जातो आणि नको त्या वेळी पुन्हा उगवतो.

भिंतीला कान असतात, ही म्हण आपण वर्गात शिकवतो. आता कान खरोखरच आले आहेत. अनेक बेल चित्रासोबत आवाजही टिपतात. जिन्यात दोन शेजारणी बोलत असतील, समोरच्या घरात नवरा-बायकोचा वाद चालू असेल, एखादी मुलगी फोनवर मैत्रिणीजवळ रडत असेल, ते सगळं आपल्या फोनमध्ये येऊ शकतं. त्यांना पत्ताही नसतो.

कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काशी तो जोडलेला आहे. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी हा निकाल मुलांना जरूर सांगावा.

२०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानलं आहे आणि त्यांची माहिती वापरण्याआधी कंपन्यांनी पालकांची संमती घ्यावी, असं बंधन आहे. मात्र एखाद्या व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरली, तर हा कायदा तिला लागू होत नाही. म्हणजे कंपनीवर बंधन आहे, पण दारावर बेल लावणाऱ्या तुमच्या-माझ्यावर या कायद्याचा फारसा वचक नाही.

न्यायालयं मात्र या प्रश्नात लक्ष घालू लागली आहेत. २०२५ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयासमोर एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांचा वाद आला. घराच्या राहत्या भागात दुसऱ्याच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवणं हा त्याच्या खासगीपणाचा भंग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. इंग्लंडमध्ये २०२१ साली ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयाने एका शेजाऱ्याच्या बेल आणि कॅमेऱ्यांबाबत निकाल दिला. त्यात चित्रापेक्षाही लांबवरचा आवाज टिपण्यावर न्यायाधीशांनी विशेष आक्षेप घेतला होता.

पण खरं सांगू का? शेजाऱ्याशी कोर्टात भेटायची वेळ यावी, असं कोणालाच वाटत नाही. त्या आईने मला कलमं दाखवली नाहीत. तिने फक्त विचारलं, 'आधी माझ्याकडे का आला नाहीत?'

शिक्षक आणि पालक म्हणून आपलं काम

आपली मुलं कॅमेऱ्याखालीच वाढणार आहेत. बदलापूरच्या घटनेनंतर २०२४ मध्ये राज्य शासनाने शाळांना सीसीटीव्ही बंधनकारक केले आणि त्याला विरोध करण्याचं कारण नाही. पण शाळेतलं चित्र कोण पाहतं, किती दिवस ठेवतं, कोणाला देतं, याला जबाबदार माणूस असावा लागतो. आपल्या दारावरच्या कॅमेऱ्याला जबाबदार कोण? आपणच.

या प्रसंगानंतर आठवीच्या वर्गात मी 'आमचं दार' हा निबंध दिला. बहुतेकांनी तोरण, रांगोळी, पाटी यांवर लिहिलं. एका मुलीने लिहिलं की समोरच्या दारावर कॅमेरा आल्यापासून ती घरातल्या कपड्यांवर कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला जात नाही, भावाला पाठवते. तिने तक्रार म्हणून लिहिलं नव्हतं, साधी रोजची गोष्ट म्हणून लिहिलं होतं. त्या वाक्यापाशी माझा लाल पेन थांबला. आपल्याच दारात जाताना एखाद्या मुलीला दोनदा विचार करावा लागत असेल, आणि तिच्या घरातल्या मोठ्यांना ते कळलंही नसेल, तर कुठे तरी आपणच कमी पडलो.

आणखी एक गोष्ट. दारावर रोज येणाऱ्या कामाच्या मावशी, पार्सल आणणारी मुलं, दूधवाले दादा यांना तर आपण कधीच विचारत नाही. मावशी दहा मिनिटं उशिरा आल्या की आपण त्यांना फोनमधली वेळ दाखवतो. त्या आपल्याला काय दाखवणार?

आमच्या घरी आम्ही काही नियम ठरवले. तुम्हाला पटले तर घ्या.

१. कॅमेऱ्यात आपला उंबरठा आणि त्यासमोरची जागा एवढंच दिसावं. समोरचं दार दिसत असेल तर कोन बदलावा. अनेक बेलच्या अ‍ॅपमध्ये ठरावीक भाग झाकण्याची सोय असते.

२. आवाज टिपणं बंद ठेवावं. कोणी बेल वाजवल्यावर बोलता आलं, एवढं पुरे.

३. जुने व्हिडिओ थोड्या दिवसांत आपोआप पुसले जातील असं ठेवावं.

४. पासवर्ड वेगळा आणि अवघड असावा, दुहेरी पडताळणी चालू असावी. बसवायला आलेल्या माणसाने ठेवलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.

५. समोरच्या आणि शेजारच्या घरी जाऊन 'आम्ही कॅमेरा लावलाय, तुमचं काही दिसतंय का ते एकदा येऊन बघा' असं सांगावं. याला पाच मिनिटं लागतात आणि वर्षानुवर्षांचा संशय टळतो.

६. कोणत्याही मुलाचा व्हिडिओ कोणत्याही ग्रुपवर टाकायचा नाही. आधी त्याच्या आईवडिलांना भेटायचं. खरंच गुन्हा वाटला तर पोलिसांकडे जायचं. ग्रुप म्हणजे पोलीस ठाणं नव्हे आणि न्यायालय तर नव्हेच.

सहावा नियम मी लिहून फ्रीजवर चिकटवला आहे, कारण तो मोडणारी मीच होते.

वर्गात घेण्यासारखा एक उपक्रमही सुचवते. मुलांना घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढायला सांगा आणि वाटेत दिसणारे कॅमेरे त्यावर मांडायला लावा. मग प्रत्येक कॅमेऱ्यासमोर तीन प्रश्न : हा कोणाचा? कशासाठी? यातलं चित्र कोण पाहतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मुलं पटापट देतात. तिसऱ्याला वर्ग शांत होतो. चर्चा तिथूनच सुरू करा.

शेवटी एक विनंती. आज घरी गेलात की आपल्या बेलचं अ‍ॅप उघडा आणि त्यात नेमकं काय काय दिसतंय ते नीट पाहा. समोरचं दार दिसलं, तर त्या घरातलं मूल डोळ्यांसमोर आणा आणि कोन थोडा वळवा. आणि पुढच्या वेळी कोणी बेल वाजवून पळालं, तर व्हिडिओ कापण्याआधी एकदा गॅलरीत जाऊन बघा. कदाचित तिथे एखादं फूल पडलेलं असेल.