हवामानाचा हिशेब आपल्याच वहीत

जगाचे तापमान वाढत आहे म्हणून मोठमोठ्या परिषदा भरतात, ठराव होतात. आपले व्यापारी बंधू ही बातमी वाचतात आणि पान उलटतात. त्यांचा सवाल सरळ असतो: धूर श्रीमंत देशांनी केला, मग खर्च आम्ही का सोसावा? सवाल चुकीचा नाही. भारतात दरमाणशी वर्षाला सुमारे 2 टन कार्बन वायू हवेत जातो, तर अमेरिकेत सुमारे 14 टन. पण उन्हाची झळ हा हिशेब पाहून बसत नाही. मे 2010 च्या उष्णतेच्या लाटेत एकट्या अहमदाबाद शहरात नेहमीपेक्षा 1,300 हून अधिक मृत्यू जास्त झाले. मालेगावात उन्हाळ्यात पारा 43-44 अंशांवर जातो आणि आपला विणकर पत्र्याच्या छपराखाली मागापाशी बारा-बारा तास उभा असतो.

आम्ही कापडवाले कोणतीही गोष्ट भाव पाहून घेतो. म्हणून येथेही भावाचीच गोष्ट करू. आमचे म्हणणे एवढेच की, हवा बिघडवणारा खर्च आणि आपला गल्ला रिकामा करणारा खर्च बहुतेक वेळा एकच असतो. तो स्वस्त उपायापासून सुरुवात करून, एकेकट्याने नव्हे तर मोहल्ल्याने मिळून कमी करावा.

पहिली पायरी दिव्यांची. चोकसह जुनी ट्यूबलाईट सुमारे 50 वॅट वीज खाते, एलईडी ट्यूब 20 वॅट. कारखान्यात अशा 10 ट्यूब रोज 20 तास जळत असतील तर एलईडी लावल्याने दिवसाला 6 युनिट, म्हणजे 25 दिवसांच्या महिन्यात 150 युनिट वाचतात. युनिटला 5 रुपये धरले तर 750 रुपये झाले. एक ट्यूब 250 रुपयांना धरली तरी पूर्ण रक्कम चार महिन्यांच्या आत वसूल होते. असा नफा सुताच्या कोणत्या सौद्यात मिळतो? पंख्यांचे मात्र वेगळे आहे. नव्या पद्धतीचा पंखा 75 ऐवजी 30-35 वॅटवर चालतो, पण महाग पडतो. म्हणून चालता पंखा काढू नये. जुना जळाला की त्याचे रिवायंडिंग करण्याऐवजी नवा घ्यावा. मागाच्या मोटरलाही हेच लागू आहे. वारंवार वायंडिंग केलेली मोटर चालते खरी, पण वीज जास्त ओढते.

दुसरी पायरी छपराची. पत्र्यावर पांढरा थर दिला तर ऊन परत फेकले जाते आणि आतली उष्णता 2 ते 5 अंशांनी उतरू शकते. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेशी सामना करण्याची शहराची योजना आखली. तेथे पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेतले गेले. सिमेंटच्या गच्चीवर गोंद मिसळलेला चुना चालतो, मात्र पाऊस तो धुऊन नेतो, म्हणून दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा द्यावा लागतो. पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग जास्त टिकतो. यात केवळ मजुरावर मेहरबानी आहे असे समजू नये. कोरड्या गरम हवेत सूती धागा ठिसूळ होतो, ताणा तुटतो, माग थांबतो. छप्पर थंड झाले की मजुराचा जीव सांभाळला जातो आणि थानाची लांबीही.

तिसरी पायरी सायझिंगवाल्यांची. गरम सिलिंडरमधून निघालेले वाफेचे पाणी पुष्कळ ठिकाणी गटारात सोडले जाते. हे पाणी आपण पैसे देऊन तापवलेले असते. बॉयलरला जाणारे पाणी 6 अंशांनी जास्त गरम असेल तर सुमारे 1 टक्का जळण वाचते, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. म्हणजे तेच पाणी टाकीत परत घेऊन 30 अंशांऐवजी 60 अंशांचे पाणी बॉयलरला दिले तर 5 टक्के जळण वाचेल. वाफेच्या उघड्या नळांवर उष्णता धरून ठेवणारे आवरण घातले तर आणखी वाचेल. काही ठिकाणी स्वस्त म्हणून प्लास्टिकचा कचरा जाळला जातो. त्याचा धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो आणि मग डॉक्टरचे बिल वेगळे. हा स्वस्ताचा सौदा नव्हे.

यानंतर सूर्याच्या विजेकडे वळावे. एका किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट मोकळी गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात. 10 किलोवॅटचे साडेपाच लाख रुपये धरले आणि महिन्याला 1,200 युनिट धरले, तर ज्या दुकानदाराला युनिट 10 रुपयांना पडते त्याची रक्कम चार वर्षांच्या आत निघते. यंत्रमागाला सरकारी सवलतीची वीज मिळते. तेथे युनिट 5 रुपये धरले तर साडेसात वर्षांहून अधिक लागतात. पॅनेल मात्र साधारण 25 वर्षे टिकतात. म्हणून आधी दुकाने, गोदामे, सायझिंग आणि प्रोसेस हाऊस यांनी पुढे यावे. यंत्रमागवाल्याने दिवे, मोटर आणि छप्पर सुधारून मगच हा विचार करावा. घरांसाठी फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान ठरवलेले आहे. ते घरासाठी आहे, कारखान्यासाठी नाही.

मशिदी आणि मदरशांच्या गच्च्यांचाही विचार व्हावा. मोरोक्को सरकारने शेकडो मशिदींत एलईडी दिवे, सूर्यावर पाणी तापवण्याची यंत्रे आणि सौर पॅनेल बसवण्याचा कार्यक्रम घेतला. वजूच्या पाण्यातही इसराफ टाळावा ही आपली शिकवण आहे. मग दिवसभर जळणाऱ्या दिव्यांना ती का लागू नसावी?

आता पैशाचा प्रश्न. व्याजाचे कर्ज आपल्यातील पुष्कळांना नको असते, आणि छोट्या कारखानदाराला बँक दारातही उभी करत नाही. पण भिशी आपल्याला नवी नाही. वीस कारखानदारांनी महिन्याला 2,000 रुपये काढले तर दरमहा 40 हजार जमतात. दर महिन्याला एका कारखान्याचे दिवे, वायरिंग आणि छप्पर होईल. वीस महिन्यांत वीसही कारखाने सुधारतील, आणि एक पैसा व्याज जाणार नाही. माल वीस जणांचा एकदम घेतला तर घाऊक भाव मिळेल. त्यात एक हुशार इलेक्ट्रिशियन जोडला तर मोहल्ल्यातल्या चार तरुणांना हुनर आणि रोजगार मिळेल. जकातीची रक्कम मात्र यात वळवू नये. तिचे हकदार ठरलेले आहेत.

कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या आपल्या देशात एक युनिट वाचले की सुमारे 700 ग्रॅम कार्बन वायू हवेत जायचा वाचतो. वर सांगितलेल्या केवळ 10 ट्यूबांनी महिन्याला शंभर किलोहून जास्त वायू रोखला जातो. जगाच्या मानाने ही रक्कम लहान आहे, पण गल्ल्यात पडणारी बचत आपली आहे आणि छपराखालचा माणूसही आपलाच आहे. या महिन्याचे वीज बिल आले की ते भरून बाजूला ठेवू नका. शेजारच्या चार कारखानदारांना बोलवा, पाच बिले समोर ठेवा आणि भिशीचा पहिला हप्ता ठरवा. पुढच्या उन्हाळ्याआधी निदान छपरे तरी पांढरी झाली पाहिजेत.